कच्ची वही उघडी ठेवू या



जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात व्यवहार होतील तसे भराभर टिपून ठेवायची ती कच्ची कीर्द. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मुनीमजी ती पुढ्यात घेऊन बसत. रकमा पडताळत, शंका आली तर दुकानातल्या पोराला हाक मारून विचारत, प्रसंगी गिऱ्हाइकाकडे निरोप धाडत, आणि मेळ बसला की स्वच्छ अक्षरात पक्क्या कीर्दीत नोंद करत. तिथून रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जाई. कच्च्या कीर्दीतल्या खाडाखोडीला कोणी हसत नसे. तिथे खाडाखोड झाली म्हणूनच पक्क्या वहीत ती होत नसे.

आजचा आपला विषय पैशाचा इतिहास हा आहे. म्हणजे सावकारी, हुंडी, बाजार, पतपेढी आणि बँक यांचा इतिहास. त्यातही मला एकच मुद्दा मांडायचा आहे. या इतिहासाचा शोध घेणाऱ्याने आपली कच्ची कीर्द लोकांना लवकर दाखवली पाहिजे. पुस्तक छापून होईपर्यंत ती कुलूपबंद पेटीत ठेवू नये. राजांच्या लढायांचा अभ्यास करणाऱ्याला कदाचित एकट्याने बसून चालेल. पैशाच्या इतिहासात तसे चालत नाही. का चालत नाही, हे आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या आणि वऱ्हाडातल्या उदाहरणांवरूनच पाहू.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. जुन्या वह्यांकडे गेलो तो शब्दांच्या ओढीने. आमच्या घरात उर्दू आणि दारात मराठी. त्यामुळे जमा, वसूल, बाकी, हिशेब, रक्कम, जामीन, दस्तऐवज हे शब्द मराठी जमाखर्चात भेटले की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. सराफ हा शब्दही अरबीतूनच आलेला. कर्ज हा शब्द अरबी आणि व्याज हा संस्कृत. पण शेतकऱ्याच्या मानगुटीवर दोघे एकदमच बसले! शब्दांची टिपणे काढता काढता वह्यांतली माणसे दिसू लागली, आणि मग आकडेही वाचावेसे वाटू लागले.

पैशाचा इतिहास म्हटले की मुंबईच्या मोठ्या बँकांच्या दगडी इमारती डोळ्यांसमोर येतात. पण आपला सगळा वऱ्हाड प्रांतच एके काळी कर्जापोटी दुसऱ्याच्या हवाली झाला होता, हे आपण विसरतो. वाशीमहून दक्षिणेला निघालात की हिंगोली लागते. तिथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची, अधिकारी इंग्रज. पगार थकला की कंपनी सरकार पैसे भरी आणि ते निजामाच्या नावे मांडी. ही थकबाकी फुगत गेली. शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. १८६० मध्ये नवा तह झाला, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले, तरी वऱ्हाड परत मिळाला नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी तो सोडवण्यासाठी परोपरीने प्रयत्न केले. अखेर १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने तो इंग्रजांना कायमचा देण्यात आला, आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. कर्ज फिटले पण गहाण सुटले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या कास्तकाराला समजावून सांगावी लागत नाही.

या प्रकरणात दोन वह्या होत्या. एक इंग्रजांची आणि एक हैदराबादची. इंग्रजांच्या वहीत निजाम ऋणको होता. हैदराबादचे म्हणणे असे की, आमच्या येण्याच्या रकमा धरल्या तर एवढे देणे निघतच नाही. एकच वही वाचणाऱ्याला या इतिहासाचा अर्धाच भाग समजेल. पैशाच्या इतिहासातली पहिली अडचण ही अशी आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिलेला असतो, आणि ती दोन ठिकाणे सहसा एकमेकांशी बोलत नसतात.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे. त्यात पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांच्या पेढीची हकिकत आहे. १८२५-२६ च्या सुमारास या पेढीने वऱ्हाडातला कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेला. ती शेतकऱ्यांना उचल देई. खामगाव वगैरे ठिकाणी कापसाच्या गाठी दाबण्याचे स्क्रू तिनेच बसवले. निजामाचे दिवाण चंदुलाल यांना तिने मोठाली कर्जे दिली आणि त्याबदल्यात वऱ्हाडातल्या महसुलाची वसुली आपल्याकडे घेतली. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाले, आणि पुढे या पेढीकडून वऱ्हाड काढून घेण्यात आला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या टांकसाळीत त्यांच्या वेळी पडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखला जातो. पेढीचे नाव रुपयाला मिळाले, यावरून तिचे वजन ध्यानात यावे.

आता रुपयाचा विषय निघालाच आहे, तर अडचण क्रमांक दोन. जुन्या वहीत ‘सातशे रुपये’ असे लिहिलेले दिसले, तर आपण विचारले पाहिजे: कोणता रुपया? इंग्रजी अमलातला कलदार, की निजामाच्या मुलखातला हाली शिक्का? पैनगंगेच्या अलीकडे कलदार चाले आणि पलीकडे हाली. पुढच्या काळात रूढ झालेला दर साधारण सात हालीला सहा कलदार असा होता. म्हणजे हालीतले सातशे हे कलदारातले सहाशेच. हिंगोली-सेनगावकडचे गिऱ्हाईक रिसोड-वाशीमच्या बाजारात येई तेव्हा व्यापाऱ्याला हा बट्टा तोंडपाठ असावा लागे. तो वहीत दर वेळी लिहीतच असे, असे नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि नेमके तेच शंभर वर्षांनी कळेनासे होते.

तिसरी अडचण तारखेची. एखाद्या कागदावर शके १७७५ असेल, दुसऱ्यावर संवत १९१० असेल, तिसऱ्यावर फसली १२६३. तिन्ही कागद साधारण एकाच काळातले, म्हणजे इसवी सन १८५३ च्या आसपासचे. शकात ७८ मिळवायचे, विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, फसलीत ५९० मिळवायचे. आणि शिवाय वर्षारंभ कोणाचा कोणत्या महिन्यात, हे पाहून एखाद्या वर्षाचा फरक सांभाळायचा. मुसलमान घरातल्या कागदावर हिजरी सन असला तर हिशेब आणखी वेगळा.

चौथी अडचण लिपीची. मराठी वह्या मोडीत. मारवाडातून आलेल्या घराण्यांच्या वह्या महाजनी अक्षरात, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीशिवाय. तिच्याबद्दलचा जुना विनोद आपण ऐकला असेल. चिठ्ठीत लिहिले होते ‘काकाजी अजमेर गए’, आणि घरच्यांनी वाचले ‘काकाजी आज मर गए’! झाली रडारड सुरू. आणि जुन्या सनदा व कबाले पाहू गेलात तर फारसी मजकूर. ‘बैबिलवफा’ हा शब्द घ्या. पैसे परत केले तर जमीन परत, या शर्तीवरची ती विक्री. शब्द मुसलमानी कायद्यातला. पण तशी विक्री करणारे आणि घेणारे सगळ्याच धर्मांचे होते. व्याज घेणे-देणे आमच्या धर्मात निषिद्ध आहे, तरी ऋणकोंच्या यादीत आमचीही नावे सापडतात. गरज काही फतवा विचारून येत नाही.

रुपया, सन, लिपी आणि भाषा अशी चार कुलपे एका पेटीला आहेत. चारही किल्ल्या एकाच माणसाच्या कंबरेला क्वचितच असतात. मोडी वाचणारा निवृत्त शिक्षक एका गावात, महाजनी वाचणारे शेठजी दुसऱ्या गावात, उर्दू-फारसी जाणणारे मौलवीसाहेब तिसऱ्या मोहल्ल्यात, आणि बट्ट्याचा हिशेब आजोबांकडून ऐकलेला कोणी चौथ्या. म्हणून अर्धवट वाचलेला कागद चार ठिकाणी नेणे हा संशोधनाचा कमीपणा मानू नये. या विषयात तीच रीत आहे.

हुंडीचे उदाहरण घेतले म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. कारंजाच्या व्यापाऱ्याला मुंबईला पैसे पोचवायचे आहेत. रोकड बैलगाडीतून नेणे धोक्याचे. मग तो पेढीवर रक्कम भरून हुंडी घेई आणि ती मुंबईला पाठवी. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनंतर मिळायचे ती मुदती. बाजारातल्या पतवान ‘शहा’च्याच हाती पैसे पडावेत अशी लिहिलेली ती शहाजोग. हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. या सगळ्या सोयीबद्दल जी कसर पडे ती हुंडणावळ. ही पद्धत इतकी पक्की होती की इंग्रजांनी १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजाला त्यांनी हात लावला नाही.

पण संशोधकाच्या दृष्टीने पाहा. पैसे चुकते झाले की ती हुंडी ‘खोखा’ होई, आणि खोखा पैसे देणाऱ्याकडे राही. म्हणजे कारंजाची हुंडी सापडायची ती मुंबईच्या पेढीत, आणि तिची नोंद कारंजाच्या कीर्दीत. कागद एका शहरात, त्याचा अर्थ दुसऱ्या शहरात. मुंबईच्या संशोधकाने ‘मला अशी अशी हुंडी मिळाली आहे, पुरता उलगडा झालेला नाही’ एवढे जाहीर केले तरच कारंजाचा माणूस म्हणेल, ‘थांबा, याची दुसरी बाजू आमच्या माळ्यावर आहे.’

कापसाचेही तसेच आहे. शेतकी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य हमखास असते: भारतातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंजाला सुरू झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आपल्या जिल्ह्याला देशाच्या आर्थिक इतिहासात मिळालेली ही मानाची ओळ. पण ती एकच ओळ. त्या बाजारात कास्तकाराची गाडी आली की तिच्यामागे किती वह्या उघडत, ते मोजून पाहा. अडत्याची वही, तोलाऱ्याची, जिनिंगवाल्याची, सावकाराची. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला अरुंद रुळांची गाडी आली, आपली शकुंतला. ती खासगी ब्रिटिश कंपनीच्या मालकीची. म्हणजे आणखी एक वही, तीही सातासमुद्रापलीकडे. बोरीच्या नाही तर मानोऱ्याच्या शेतातला एक बोजा कापूस इतक्या वह्यांतून विखुरलेला आहे. एकेका वहीचा अभ्यास करून तो पुन्हा एकत्र येणार नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्टीकडे येतो. आतापर्यंत ज्या वह्यांची नावे घेतली त्या बहुतेक देणाऱ्याच्या वह्या आहेत. घेणाऱ्याची वही कुठे आहे? बहुतेकांना लिहिता येत नव्हते. अंगठा उठवणाऱ्याकडे वही कोठून असणार? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या रस्त्यात आणून त्यांची होळी केली. आपल्याला गुंतवणारा फास कागदाचा आहे, हे न शिकलेल्या माणसालाही अचूक कळले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. आज आपण ‘जुन्या वह्या जपा’ असे सांगतो, तेव्हा त्या वह्या कोणाला जाळाव्याशा वाटल्या होत्या, याचेही भान असले पाहिजे.

घेणाऱ्याची वही त्याच्या घरच्यांच्या आठवणीत असते. आमच्याकडे चार-सहा मंडळी महिन्याकाठी बसतात. कोणी निवृत्त बँक कर्मचारी, कोणी शिक्षक, कोणी अडत दुकानातले. तिथे मी एकदा धान्याच्या कर्जाविषयीचे अर्धेमुर्धे टिपण वाचले. पेरणीला पायलीने ज्वारी द्यायची आणि सुगीला सवाईने किंवा दीडीने परत घ्यायची, हा रिवाज सर्वांना माहीत आहे. सवाई म्हणजे चाराचे पाच, दीडी म्हणजे चाराचे सहा. आकडेमोड सोपी. मागे बसलेले एक वयस्क कास्तकार म्हणाले, ‘दीडी लिवली असन भाऊ, पन माप कोन्तं? द्याचं माप येगळं होतं अन् घ्याचं येगळं.’

सगळी बैठक गप्प झाली. देताना लहान पायली आणि घेताना मोठी पायली, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. वहीतली दीडी खरीच असते, आणि तरी शेतकऱ्याने फेडले ते दीडीपेक्षा जास्त. टिपण पुस्तक होऊन छापले गेले असते तर ते कास्तकार ते वाचायला आले नसते, आणि वाचले असते तरी ‘छापलेलं हाय, खरंच असन’ म्हणून गप्प राहिले असते. छापील पानापुढे खेड्यातला माणूस वाद घालत नाही. कच्च्या टिपणापुढे घालतो. या एका कारणासाठी तरी कच्चे टिपण लोकांत वाचले पाहिजे. नाही तर देणाऱ्याची वही तोच इतिहास म्हणून कायम होईल.

उलट बाजूही तितकीच खरी. आठवणही एकतर्फी असू शकते. सावकार कोण्या एका जातीचा नव्हता. त्यात गावचे पाटीलही होते. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावरही कोसळला. त्या वर्षी गावात धान्य कोणाकडे होते, कोणी दिले, कोणी अडवले, कोणी सूट दिली, याच्या नोंदी वह्यांतून निघू शकतात. व्याजाने मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम कुठे पाळला गेला आणि कुठे नवा कागद करून मोडला गेला, तेही वहीच सांगेल. आठवणीला वही आणि वहीला आठवण, असा ताळा दोन्हीकडून पाहायचा असतो.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि एकूण २२ खंड सिद्ध केले. सगळा इतिहास लिहून होईपर्यंत ते थांबले नाहीत. सापडतील तसे कागद लोकांपुढे ठेवत गेले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. त्याच्या सभांत नवे सापडलेले कागद वाचले जात, त्यावर खडाजंगी होई आणि वृत्तान्त छापला जाई.

याहून जवळचे उदाहरण कारंजाचेच आहे. तिथल्या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या जपलेल्या होत्या. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची यादी नागपूरहून प्रसिद्ध झाली. त्यात कारंजाच्या पोथ्यांचा समावेश होता. ती केवळ यादी होती. पण तिच्यामुळे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ कारंजाला आहेत, हे जाणकारांना समजले. १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी आणि अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ते ग्रंथ संपादित करून छापले, आणि कारंजाचे नाव जगभरच्या अभ्यासकांत गेले. आधी यादी, मग ग्रंथ. माझ्या मनात येते ते असे: ज्या गावाने धर्माच्या पोथ्या रेशमी बस्त्यात जपल्या, त्याच गावातल्या हिशेबाच्या वह्यांची अशी एखादी यादी का होऊ नये?

‘हिशेबाच्या वह्यांत काय एवढे?’ असे कोणी विचारील. इटलीत प्रातो नावाचे गाव आहे. तिथला फ्रान्चेस्को दातीनी हा व्यापारी १४१० मध्ये वारला. त्याच्या घरातल्या जिन्याखालच्या जागेत पडून राहिलेले कागद १८७० मध्ये उजेडात आले. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या. युरोपात हुंड्या कशा चालत, विमा कसा उतरवत, भागीदारी कशी होई, याचे किती तरी ज्ञान त्या अडगळीतून मिळाले. युरोपात बँकिंगच्या इतिहासासाठी १९९० मध्ये एक संस्था निघाली, तिचे कार्यालय फ्रँकफर्टला आहे. नव्या अभ्यासकांना आपले काम पुरे होण्याआधी जाणत्यांपुढे मांडता यावे, अशा कार्यशाळा ती भरवते. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही १९८१ मध्ये अभिलेखागार उभारला, तो पुण्यात आहे. १९२९-३० मध्ये प्रांतोप्रांती बँकिंग चौकशी समित्या बसल्या, त्यात मध्य प्रांत-वऱ्हाडचीही होती. तिचा छापील अहवाल आहे. पण हे सारे सरकारच्या आणि बँकांच्या बाजूचे कागद झाले. मंगरूळपीरच्या किंवा मालेगावच्या एखाद्या घरातली वही तिथे मिळणार नाही.

कच्चे काम उघड करण्यात धोके आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पहिली भीती, दुसरा कोणी आपल्या नावावर खपवील. त्यावर उपाय, टिपणावर तारीख आणि नाव घालून चार जणांसमक्ष वाचणे. साक्षीदार असले की मालकी शाबूत राहते, हे तर खरेदीखतानेच आपल्याला शिकवले आहे. दुसरी भीती, अर्धवट आकडा गावभर पसरेल. त्यासाठी मी टिपणाच्या पानावर तीन रकाने पाडतो: पाहिले, ऐकले, वाटते. स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर वाचलेले पहिल्यात, कोणी सांगितलेले दुसऱ्यात, माझा तर्क तिसऱ्यात. रकाना बदलायचा तर पुरावा लागतो. वाचून दाखवतानाही रकाना सांगूनच वाचायचे.

तिसरी भीती सर्वांत खरी, अब्रूची. कोणाचा पणजा कर्जबाजारी होता, कोणाच्या पणज्याने कोणाचे शेत घेतले, हे आज ऐकले तर बांधावर भांडण लागेल. म्हणून व्यक्तीचे आणि घराण्याचे नाव झाकावे. गावाचा परिसर, साल, पीक, रक्कम आणि व्याज एवढे ठेवावे. वही घरातून हलवू नये, परवानगीने तिथेच बसून छायाचित्रे घ्यावीत. पहिल्या पानापासून क्रमाने घ्यावीत. पुठ्ठा आणि कोरी पानेही सोडू नयेत, कारण आतला हिशेब कोणाचा आणि कोणत्या सनाचा हे बहुधा पहिल्याच पानावर असते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, त्याने कागद पिवळा पडून अधिकच खराब होतो. सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवावी, म्हणजे झाले.

हे आताच का करायचे? वाशीम हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याआधी इंग्रजी अमलात तो स्वतंत्र जिल्हा होता आणि १९०५ मध्ये मोडला गेला. त्यामुळे आपले कागद अकोला, अमरावती, नागपूर, हैदराबाद असे पांगलेले आहेत. घरात जे उरले आहे ते वाडे पाडताना, वाटण्या होताना रद्दीत जात आहे. आणि कर्ज हा आपल्याकडे भूतकाळ झालेला नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात वाशीम होता. बँकांच्या थकीत कर्जावरचे व्याज त्यात माफ झाले. बँकेचे कर्ज मोजता आले, कारण त्याला वही होती. खासगी उसनवारीला सरकारदरबारी वही नव्हती. जे लिहिलेले नाही ते माफही होत नाही. त्या घरांतल्या बायाबापड्यांनी कोणाकोणाला किती दिले, याचा हिशेब त्यांच्या तोंडीच आहे, आणि तो टिपून घेणे हाही पैशाचाच इतिहास आहे.

आजची देवघेव तर मोबाइलच्या पडद्यावर होते. एटीएमच्या चिठ्ठीवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. दोनशे वर्षांपूर्वीच्या शाईची कीर्द अजून वाचता येते. आपल्या नातवंडांना आपला हिशेब वाचता येईल की नाही, सांगवत नाही.

दिवाळीला माळा साफ करताना लाल कापडाच्या बांधणीची एखादी लांबट वही हाती लागली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी शेजारच्या जाणत्या माणसाला ती दाखवा. ज्यांच्या घरी वही नाही, फक्त आजीच्या तोंडच्या गोष्टी आहेत, त्यांनी त्या गोष्टी सन, पीक आणि माप विचारून लिहून काढाव्यात. अक्षर कसेही असले, खाडाखोड झाली तरी हरकत नाही. आपल्याला सध्या कच्चीच कीर्द भरायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)